संकटात देवाचा आधार घेणे म्हणजे नेमके काय करणे?

जास्वंद

सर्वांना नमस्कार. बरीच वर्षे मी इथे वाचनमात्र होते. आज पहिल्यांदाच धागा काढते आहे, कारण जो प्रश्न मला पडला आहे तो मला घरात कुणाला विचारता येत नाही.

आमची वाडी श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर धडकले आणि सासऱ्यांनी लावलेल्या बहुतेक सगळ्या पोफळी एका दुपारीत कंबरेतून मोडल्या. पाऊस ओसरल्यावर आम्ही नवी रोपे लावली. सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात हे ठाऊक असूनही तेवढी वाट पाहायची तयारी आम्ही दोघांनी ठेवली होती. गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतर आठवड्याभरात यजमानांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणे जवळजवळ थांबले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तेव्हापासून मी रात्री दर दोन तासांनी उठून त्यांची कूस बदलते. अकराला, एकला, तीनला आणि पाचला.

सासूबाई, शेजारी, माहेरची माणसे, सगळे मला एकच सांगतात, "देवावर भार टाक." ते मनापासून सांगतात, यात मला शंका नाही. मी देव मानते आणि रोज पूजाही करते. परंतु पहाटे तीन वाजता मी त्यांच्या खांद्याखाली हात घालते तेव्हा सगळा भार माझ्याच मनगटांवर असतो. तो देवावर टाकायचा म्हणजे मी त्या क्षणी नेमके काय करायचे?

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. देवाकडे शक्ती मागणे मला समजते. पण त्याचे आपल्यावर प्रेम आहे असे म्हणतात, ते मला समजेनासे झाले आहे. ज्याचे प्रेम आहे तो हे होऊ देईल का?

कृपया उपदेश करू नका. तुमच्यावर वेळ आली तेव्हा तुम्ही स्वतः काय केलेत, एवढेच सांगा.

ओटीवरून

ताई, आपण प्रश्न अगदी नेमका विचारला आहे. माझे वय ७१ आहे. सहा वर्षांपूर्वी मला घशाचा कर्करोग झाला आणि उपचारांसाठी मुंबईला अनेक महिने राहावे लागले. त्या काळात मी काय केले ते सांगतो.

आमचे गाव रत्नागिरीजवळ आहे आणि पावस या गावी आमचे लहानपणापासून जाणे-येणे आहे. तिथले संत स्वामी स्वरूपानंद यांचा जन्म १९०३ सालचा. ते स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले होते. १९३४ साली त्यांना गंभीर आजारपण आले आणि त्यानंतर १९७४ साली समाधी घेईपर्यंतचे जवळपास सारे आयुष्य त्यांनी पावसमध्ये देसायांच्या घरातल्या एका खोलीत काढले. मी लहान असताना वडील मला ती खोली दाखवायला घेऊन जात. तेव्हा त्यात पाहण्यासारखे काय आहे, हे मला कळत नसे. मुंबईत माझ्या वाट्याला तशीच एक खोली आली तेव्हा ते कळले. प्रारणोपचाराच्या (रेडिएशनच्या) यंत्राखाली मुखवटा चढवून निश्चल पडून राहावे लागते. मान हलवता येत नाही, आवंढा गिळणेही नकोसे होते. त्या वेळी मी श्वास आत घेताना एक आणि सोडताना एक असे नाम घेत असे. देवाने मला बरे करावे अशी मागणी मी त्या यंत्राखाली कधी केली नाही, कारण ती केली की भीती वाढते, हे मला तिसऱ्या दिवशीच उमगले होते. पुढच्या श्वासापर्यंत सोबत कर, एवढेच मी म्हणत असे. भार टाकणे म्हणजे काय, हे मला तिथे असे समजले.

नवीन_पान

ताई, हे सगळे प्रारब्धाचे भोग असतात आणि ते भोगूनच संपवावे लागतात, हे एकदा स्वीकारले की मन शांत होते.

रात्रपाळी

@नवीन_पान, आपला हेतू चांगला असेल. तरीही जी बाई अकरा महिने सलग झोपलेली नाही, तिला हे वाक्य ऐकवू नये अशी माझी हात जोडून विनंती आहे. प्रारब्धाचा विचार माणसाने स्वतःपुरता करावा. दुसऱ्याच्या खाटेजवळ उभे राहून तो करू नये.

जास्वंदताई, मी सेवानिवृत्त परिचारिका आहे. माझी सगळी नोकरी दक्षिण रायगडात झाली. आधी कामाचे बोलते, मग देवाचे. कूस बदलताना ओढू नका. खाली दुपदरी चादर घाला आणि चादरीनेच सरकवा. तुमच्या मनगटांवरचा निम्मा भार तिथेच कमी होईल. टाचा गादीला टेकू देऊ नका, पोटरीखाली उशी ठेवा. हवेची गादी मिळाली तर जरूर घ्या, पण ती घेतली म्हणून कूस बदलणे सोडू नका. आणखी एक गोष्ट मी खाटांजवळ पुष्कळदा पाहिली आहे. पक्षाघाताने बोलणे गेलेल्या माणसाला साधे "पाणी" म्हणता येत नाही. मात्र लहानपणापासून पाठ असलेले, तालावर म्हटलेले शब्द त्याच्या तोंडून कधीकधी निघतात. पाढे, वारांची नावे, शुभंकरोती, आरती यांचे तसे असते. प्रत्येकाच्या बाबतीत होतेच असे नाही. तरी रोज संध्याकाळी दिवा लावताना त्यांच्या शेजारी बसून मोठ्याने म्हणत जा.

आता माझी गोष्ट. माझ्या पाठच्या भावाला सातव्या वर्षी लाल विंचू चावला. आमच्या भागात त्या काळी विंचू उतरवणाऱ्याकडे नेत, तसे त्यालाही नेले. तो पहाटेपर्यंत घामाने निथळत होता आणि उजाडायच्या आत गेला. आईने त्या रात्री देवाला घातले नाही असे साकडे उरले नव्हते. पुढे महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरले आणि जिथे पूर्वी शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत, तिथे ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. भाऊ गेला तेव्हा हे औषध आमच्यापर्यंत पोचले नव्हते.

मी नोकरीला लागल्यावर आई मला रोज एकच प्रश्न विचारी, "आज विंचवाचे कोण आले होते का? वाचले का?" मी "वाचले" म्हटले की ती उठून देवापाशी जाई आणि एक जास्वंदीचे फूल जास्त वाही. तिने देवाला माफ केले होते की नाही, हे मी तिला विचारले नाही. पण दुसऱ्याची मुले वाचली की तिला आनंद होई, आणि त्या आनंदात ती देवाला सामील करून घेत असे. देवाचे प्रेम हा शब्द ऐकला की मला ते जास्तीचे फूल दिसते.

खाडीपलीकडे

मी देव मानत नाही, हे आधीच सांगतो. धागाकर्त्या ताईंचा अनादर करण्याचा हेतू मुळीच नाही. उलट त्यांनी ज्या प्रामाणिकपणे विचारले आहे, त्याच प्रामाणिकपणे उत्तर देतो.

रात्रपाळी यांच्याच उदाहरणात मुले वाचवली ती एका डॉक्टरच्या अभ्यासाने आणि औषधाने. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले तेव्हा मी तिथे चिखल उपसायला गेलो होतो. गावागावांतून माणसे भाकऱ्या, पाणी, खराटे आणि फावडी घेऊन आली होती. या सगळ्याचे श्रेय देवाच्या नावावर जमा केले की दोन गोष्टी होतात. ज्यांनी मदत केली त्यांचा विसर पडतो आणि ज्यांनी वेळेवर सावध करायला हवे होते त्यांना कुणी जाब विचारत नाही. ताई, तुम्हाला गरज आहे ती रात्रीच्या दोन फेऱ्या वाटून घेणाऱ्या माणसाची. "देवावर भार टाक" असे सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी एक रात्र तुमच्याकडे काढली?

जास्वंद

@खाडीपलीकडे, एकाही जणाने नाही. तुमचा प्रश्न वाचून मला रडू आले, पण तो विचारल्याबद्दल मी आभारी आहे.

चिपळूण_बाजारपेठ

माझे कापडाचे दुकान त्या पुरात पूर्ण बुडाले होते, म्हणून लिहितो.

खाडीपलीकडे, तुम्ही चिखल उपसायला आलात याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. कदाचित आमच्याच गल्लीत आला असाल. तुमचा दुसरा मुद्दाही मला शंभर टक्के मान्य आहे; माणसांच्या चुकांचे खापर देवावर फोडू नये आणि देवाच्या नावाने त्या झाकूही नयेत.

परंतु एक गोष्ट मला सांगावीशी वाटते. पाणी ओसरल्यावर मी शटर उचलले तेव्हा आत साड्यांचे गठ्ठे चिखलात एकजीव होऊन लाद्यांसारखे झाले होते. मदत करणारी माणसे दुपारी आली. सकाळी सहा ते दुपार एवढा वेळ मी त्या दारात एकटा उभा होतो. परत फिरावे आणि नदीकडे चालत जावे, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. दुकानातल्या देव्हाऱ्याची फळी वाहून गेली होती, पण भिंतीवरचा खिळा तसाच होता. मी त्या खिळ्याला हात जोडले, आत गेलो आणि पहिला गठ्ठा ओढून बाहेर काढला. माणसे पोचली तेव्हा मला काम करताना पाहून तीही लगेच कामाला लागली. त्यांची शक्ती माणसांची होती, हे मान्य आहे. पण ती येईपर्यंत मला उभे कुणी ठेवले, याचे उत्तर माझ्यापाशी एकच आहे.

रात्रपाळी

दादा, तुम्ही हे लिहिलेत ते फार चांगले केलेत. इथे वाचणाऱ्या कुणाच्याही मनात तसा विचार येत असेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक जवळ ठेवा. तो निःशुल्क आहे, रात्रीही लागतो आणि मराठीतून बोलता येते. प्रार्थना करावी आणि फोनही करावा.

मिरकरवाडा

वरच्या चर्चेत माझ्या आजोबांचे एक सांगणे जोडतो. आम्ही मुसलमान मच्छीमार. आजोबा तांडेल, म्हणजे बोटीवरचे प्रमुख, होते. बोट बंदरात लावल्यावर एकदा मी आळसाने नांगर नीट टाकला नाही आणि "अल्लाह सांभाळेल" असे म्हणालो. त्यांनी मला तसेच कमरेएवढ्या पाण्यात परत पाठवले. म्हणाले, "आधी नांगर टाक, दोर ओढून बघ, मग हात वर कर. नांगर टाकायच्या आधी हात वर करणे म्हणजे भरवसा नव्हे." आमच्या धर्मातही हीच शिकवण आहे, उंट बांधायचा आणि मग भरवसा ठेवायचा. आजोबांनी उंट कधी पाहिलाच नव्हता, म्हणून ते नांगर म्हणत.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती माझे वय वाढल्यावर मला कळली. नांगर टाकून, दोर तपासून झाल्यावर आजोबा घरी येऊन झोपत. वारा सुटला तरी झोपत. आपल्या हातचे संपले आहे, उरलेले आपले नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेले होते. ताई, तुम्ही कूस बदलता, औषध देता, टाचेखालची उशी पाहता. तुमचा नांगर पडलेला आहे. तीन ते पाचच्या मधले दोन तास तुमचे नाहीत. त्या वेळात तुम्ही डोळे मिटलेत तर काही बिघडणार नाही, एवढा भरवसा ठेवणे हीच मला वाटते तुमच्या पहिल्या प्रश्नाची वाट आहे.

माडाखाली

मिरकरवाडा यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. आमच्याकडे दोन महिन्यांची मासेमारीबंदी असते, १ जून ते ३१ जुलै, तेव्हाही हेच चालते. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी भरायची, जाळी विणायची आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहायची. वाट पाहणे हेही कामच आहे.

देवगड_बंदर

हा धागा मी तीन दिवस वाचते आहे आणि लिहावे की न लिहावे असे चालले आहे. कारण माझ्या गोष्टीत कुणी वाचलेले नाही.

११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ आले तेव्हा माझे वडील समुद्रात होते. बोटही मिळाली नाही आणि वडीलही मिळाले नाहीत. मी नववीत होते. सात वर्षे काहीच वार्ता नसेल तर कायदा माणसाला मृत मानतो, हे मला त्या वयात कागदपत्रे हाताळताना कळले. आईने ती सातही वर्षे कुंकू लावले. लोक तोंडावर काही बोलत नसत, पण बोलत असत.

सुरुवातीला आई रोज तिन्हीसांजेला दारात दिवा ठेवून "परत आण" असे म्हणे. तिला राग आला की ती देवळात जाऊन भांडत असे, अगदी मोठ्याने, गाभाऱ्यासमोर उभी राहून. गुरवांनी तिला कधी अडवले नाही. ते बाहेर येऊन बसत. मग केव्हातरी, तिसऱ्या की चौथ्या वर्षी, मी एकदा दारामागे उभी होते आणि आईचे शब्द बदलले असल्याचे माझ्या कानांवर आले. ती म्हणत होती, "असेल तिथे सांभाळ." माणूस जिवंत असो वा नसो, दोन्ही अर्थांनी ते खरे होते. त्या रात्री मला पहिल्यांदा गाढ झोप लागली.

जास्वंदताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही. देवाने हे का होऊ दिले, हे मला आजही माहीत नाही, आणि कुणी कारण सांगू लागले की मी तिथून उठते. मला एवढेच सांगता येईल की आई भांडली तरी दिवा लावायचे तिने सोडले नाही, आणि देवानेही तिला दारातून हाकलले नाही. ज्याच्याशी असे भांडता येते ते नाते काही लहान नसावे.

कुडाळच्या_वाटेवर

देवगड_बंदर, आपला प्रतिसाद वाचून बराच वेळ काही सुचले नाही.

भांडण्यावरून आठवले ते सांगतो. आमच्या तळकोकणात देवाला गाऱ्हाणे घालतात. या शब्दाचा अर्थच तक्रार असा आहे, हे आपण रोजच्या वापरात विसरून जातो. गुरव किंवा मानकरी उभा राहून "बा देवा म्हाराजा" असा आरंभ करतो, कुणाच्या घरी काय अडले आहे ते सगळ्यांच्या देखत मांडतो आणि जमलेली माणसे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" अशी साथ देतात. लहानपणी त्यात मला केवळ त्या आवाजाची मजा वाटत असे.

माझ्या मुलीचे हृदयाचे ऑपरेशन ठरले तेव्हा आमच्या घरचे गाऱ्हाणे घातले गेले. तोवर वाडीत कुणालाही तिचा आजार माहीत नव्हता, कारण मुलीची जात, पुढे लग्नाला अडचण येईल म्हणून आम्ही तो लपवला होता. मानकऱ्यांनी मांडवात उभे राहून सगळे स्पष्ट सांगितले आणि साठ-सत्तर माणसे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणाली. त्यांत ज्यांच्याशी आमचा बांधावरून वाद होता, तेही होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच दारात आले आणि रक्त द्यायला मुंबईला येतो म्हणाले.

म्हणून खाडीपलीकडे यांच्या प्रश्नाला माझे थोडे वेगळे उत्तर आहे. आमच्याकडे देवापुढे मांडणे आणि माणसांपुढे मांडणे या दोन गोष्टी निराळ्या नव्हत्याच. ताई, आपले दुःख तुम्ही देवाला मनातल्या मनात सांगता. ते मोठ्याने सांगून पाहा, माणसांच्या देखत.

खाडीपलीकडे

@कुडाळच्या_वाटेवर, हे मला पटले. देवाविषयीचे माझे मत बदललेले नाही. तरी ज्या प्रार्थनेनंतर बांधावरचा शेजारी रक्त द्यायला निघतो, तिला माझा विरोध असण्याचे कारण नाही.

केवड्याचे_बन

थोडा वेगळा विषय आहे, पण मनात आले ते विचारते. नवस बोलणे योग्य आहे का? मला तो नेहमी व्यवहार वाटत आला आहे. तू हे दे, मी ते देईन, यात प्रेम कुठे आले?

ओटीवरून

मलाही पूर्वी तसेच वाटत असे. माझ्या पत्नीने मात्र मी आजारी असताना आंगणेवाडीच्या भराडीदेवीला नवस बोलला होता, पुढच्या जत्रेला दोघे येऊ असा. त्या जत्रेची तारीख आधीपासून ठरलेली नसते. देवीचा कौल घेऊन दर वर्षी नव्याने ठरते. पत्नी महिन्यातून दोनदा गावी फोन करून तारीख लागली का, असे विचारत असे. डॉक्टर आमच्याशी आठवड्यांच्या भाषेत बोलत होते आणि ही बाई पुढच्या वर्षाची चौकशी करीत होती. माझ्यासाठी पुढच्या वर्षी एक जागा राखून ठेवली गेली आहे, असे मला त्यामुळे वाटत राहिले. देवीला तिने देऊ केले ते पाच नारळ आणि एक साडी. तो व्यवहार म्हणून पाहिला तर अगदीच किरकोळ होता.

कोर्लईचा_किनारा

आम्ही कोर्लईचे ख्रिस्ती. घरात आमची वेगळी बोली आहे, पोर्तुगीजांच्या काळापासून चालत आलेली. ती आमच्या गावाबाहेर कुणाला फारशी कळत नाही. आमच्या घरी ठरलेल्या प्रार्थना मराठीत होतात. दुःख सांगायचे असले की मात्र माझी आजी क्रुसापुढे बसून घरच्या बोलीत बोलत असे. देवाला आपली बोली कळते याची तिला खात्री होती आणि त्याच्या प्रेमाचा तिच्यापुरता पुरावा तोच होता.

जास्वंदताईंच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी मला एवढेच सांगावेसे वाटते की आमच्या श्रद्धेत अंधारी दरी टळेल असे वचन नाही. दरीतून जाताना सोबत मिळेल, असे आहे. ज्या प्रभूला आम्ही मानतो त्याने स्वतःही मरणाच्या वेळी देवाला, तू मला का सोडलेस, असे विचारले होते. त्यामुळे तुमचा प्रश्न विचारायला तुम्हाला कसलाही संकोच वाटायला नको.

बोर्लीची_वाट

जास्वंदताई, मी तुमच्याच तालुक्यात राहतो. सगळे प्रतिसाद वाचून माझ्या मनात आमचा २०२०चा गणपती आला, तो सांगतो.

वादळानंतर बरोबर ८० दिवसांनी, २२ ऑगस्टला चतुर्थी होती. आमच्या घरावर तोवर पत्रे चढले नव्हते. पत्र्यांचे भाव वाढलेले होते, सुतार मिळत नव्हता आणि त्यात टाळेबंदी. आई म्हणाली, या वर्षी गणपती आणू नये, गळक्या घरात त्याला कुठे बसवणार? वडिलांनी ऐकले नाही. माजघरात निळी ताडपत्री बांधली आणि तिच्या खाली पाट मांडला. पाऊस आला की ताडपत्रीला पोट सुटे, मग मी काठीने ते वर ढकलून पाणी ओतून देत असे. त्या रात्री ती एका कोपऱ्यातून सुटली आणि पाण्याची धार थेट मूर्तीच्या उजव्या खांद्यावर पडली. रंग ओघळला. आई रडायला लागली. वडील मूर्तीचा खांदा धोतराच्या सोग्याने टिपत म्हणाले, "आपण भिजलो, तोही भिजला. यजमान भिजत असताना पाहुणा कोरडा कसा राहील?"

त्याने छप्पर का उडू दिले, हे मला माहीत नाही. मात्र उडालेल्या छपराखाली तो दीड दिवस आमच्याबरोबर राहिला, हे मी पाहिले आहे.

आणि ताई, आता कामाचे. माझा रविवार मोकळा असतो. वाडीचे शिंपणे, आळी साफ करणे, झावळ्या ओढणे, जे असेल ते मी करीन. माझी बहीण शनिवारी रात्री तुमच्याकडे झोपायला येऊ शकते. एकची आणि तीनची फेरी ती करील. संकोच करू नका. व्यक्तिगत निरोपात पत्ता कळवा.

जास्वंद

सर्वांना एकत्रच उत्तर देते. उशीर झाला, कारण मधले पंधरा दिवस मी लिहिण्याऐवजी तुम्ही सांगितलेले करून पाहत होते.

दुपदरी चादर घातली. मनगट खरोखरच दुखायचे थांबले. बोर्लीची_वाट यांची बहीण दोन शनिवार येऊन गेली. पहिल्या शनिवारी मी सलग सात तास झोपले आणि उठल्यावर काही क्षण आपण कुठे आहोत हेच मला कळले नाही. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ वाडीत काम करीत होता. त्याने मला हाक मारून दाखवले की आम्ही लावलेल्या पोफळींपैकी तीन झाडांना सुपारीचा पहिला शिंपुटा (घोस) दिसतो आहे. ते मी आत येऊन यजमानांना सांगितले. त्यांनी डाव्या हाताची तीन बोटे वर केली.

कुडाळच्या दादांचे ऐकून मी सासूबाईंपुढे आणि दोन शेजारणींपुढे माझे गाऱ्हाणे घातले. आमच्याकडे तशी रीत नाही, म्हणून दिवा लावून साध्या शब्दांत बोलले. मी थकले आहे, मला राग येतो, मला भीती वाटते, असे मी त्या दिव्याकडे पाहत म्हणाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून रात्री अकराची कूस त्या माझ्याबरोबर धरतात. त्यांचे वय ७८ आहे. त्यांचा जोर फारसा लागत नाही, पण चादरीचे दुसरे टोक आता मोकळे नसते.

तीन वाजताची प्रार्थना आता लहान झाली आहे. कूस बदलून झाली की मी "माझे झाले, आता तुझे" असे म्हणते आणि आडवी होते. रोज झोप लागते असे नाही. प्रेमाचा प्रश्न अजून सुटलेला नाही, पण आता मी तो देवाला विचारते. पूर्वी मी तो त्याच्यापासून लपवत होते.

आणि रात्रपाळीताई, गेल्या मंगळवारी दिवेलागणीला मी त्यांच्याजवळ बसून शुभंकरोती म्हणत होते. शेवटचा शब्द मी म्हटला तेव्हा त्यांचाही आवाज त्यात होता. अस्पष्ट होता, पण शब्द पूर्ण होता. सासूबाईंच्या हातातली निरांजनाची वात पडली. आम्ही तिघांनी ते पुन्हा पहिल्यापासून म्हटले. या वेळी ते मधेच दोन ठिकाणी आले.

देवगडच्या ताई, तुमच्या आईंविषयी मी रोज विचार करते. त्या आता कशा आहेत?

देवगड_बंदर

आई बरी आहे. गुडघे दुखतात म्हणून आता देवळाच्या पायऱ्या चढत नाही, पण तिन्हीसांजेचा दिवा तीच लावते. मी तिला हा धागा सुरुवातीपासून वाचून दाखवला. तिने तुमच्या यजमानांचे नाव विचारले आहे. दिव्यापुढे घ्यायला हवे, असे म्हणाली. व्यक्तिगत निरोपात कळवाल का?